बीथोव्हेनचे एक क्वार्टेट आणि त्याचे दोन शेवट

"सर, तबकडीवरची चिठ्ठी चुकली आहे," असे मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, आणि त्या एका वाक्यापायी हा लेख लिहिण्याची पाळी माझ्यावर आली.

घडले ते असे. माझे व्हायोलिनचे सर मूळचे गोव्याचे. त्यांच्याकडे जुन्या एल.पी. तबकड्यांचा मोठा साठा आहे. शिकवणी संपली की कधीकधी ते एखादी तबकडी लावतात आणि आम्ही दोन-तीन विद्यार्थी जमिनीवर बसून ऐकतो. एका रविवारी त्यांनी बीथोव्हेनचे बी फ्लॅट मेजर स्वरातले स्ट्रिंग क्वार्टेट, ओपस १३०, लावले. ते मला नवीन नव्हते. एका मित्राने दिलेले त्याचे ध्वनिमुद्रण मी महिनाभर मोबाइलवर ऐकत होतो. पहिले पाचही भाग ओळखीच्या माणसासारखे भेटून गेले. सहावा सुरू झाला आणि मी दचकलो. माझ्या ध्वनिमुद्रणात या ठिकाणी एक हलकीफुलकी, नाचरी चाल होती. इथे मात्र चारही वाद्ये एकदम कडाडली, थबकली, पुन्हा कडाडली, आणि मग पाऊण तासाच्या त्या कृतीतली शेवटची पंधरा मिनिटे जणू घरात वादळ शिरले होते. दुसऱ्याच कुठल्यातरी कृतीचा भाग चुकून या तबकडीवर आला असावा, असे मला प्रामाणिकपणे वाटले.

सर हसले. त्यांनी कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढले. बीथोव्हेनची सगळी क्वार्टेट्स स्वरलिपीसह त्यात छापलेली होती. "काढ ओपस १३०. शेवट कोणता आहे?" मी पाने उलटली. पुस्तकात माझाच शेवट होता! मी विजयी मुद्रेने वर पाहिले. "आता पुस्तकाची अगदी शेवटची पाने काढ," ते म्हणाले. तिथे, सोळा क्वार्टेट्स संपल्यावर, सतराव्या क्रमांकावर एक स्वतंत्र कृती होती: 'ग्रोस फ्यूग', म्हणजे 'महाफ्यूग', ओपस १३३. तबकडीवरचे वादळ ते हेच.

"मग सर, खरा शेवट कोणता?"

"ते तू शोध आणि मला सांग. पण एक अट आहे. आधी शोध, मग सांग."

तो शोध मी आपल्या महाविद्यालयातील वाचकांपुढे मांडतो आहे. संगीताची परिभाषा न जाणणाऱ्यालाही तो कळावा असा प्रयत्न केला आहे. कारण विषय दिसायला संगीताचा असला तरी प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्यालाही तितकाच लागू आहे. एखादी कृती 'छापली' जाते म्हणजे नेमके काय होते, आणि तिचा शेवट ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा तो प्रश्न.

प्रथम स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे काय ते पाहू. दोन व्हायोलिन, एक व्हायोला (व्हायोलिनपेक्षा थोडे मोठे आणि खर्जाकडे झुकणारे वाद्य) आणि एक चेलो अशा चार तंतुवाद्यांसाठी रचलेले हे संगीत. यात वृंदाचा दणदणाट नसतो आणि समोर छडी घेऊन उभा राहणारा संचालकही नसतो. चार माणसे एकमेकांकडे पाहत, एकमेकांचे ऐकत वाजवतात. दिवाणखान्यात बसून ऐकण्याचे हे संगीत. म्हणून त्याला कक्षसंगीत म्हणतात. हा प्रकार आपल्याकडे अगदीच अनोळखी आहे असे नाही. मुंबईत १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा करणाऱ्या मेहली मेहता यांनी पुढे बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेटही स्थापन केले होते.

आपल्या मैफलीत एक कलावंत राग उलगडतो आणि बाकीचे त्याला साथ देतात. क्वार्टेटमध्ये साथीदार असा कोणी नसतो. चौघेही आपापले म्हणणे मांडतात, आणि ऐकणाऱ्याला चार ओळी एकाच वेळी ऐकण्याची सवय करावी लागते. फ्यूग हे तर या पद्धतीचे टोक. एका वाद्याने एक स्वरवाक्य मांडायचे. ते पुढे सरकत असतानाच दुसऱ्याने तेच वाक्य निराळ्या स्वरावरून उचलायचे. मग तिसऱ्याने, मग चौथ्याने. सगळे एकच गोष्ट सांगत असतात, पण कोणीही कोणासाठी थांबत नाही. नियम कडक, आणि त्या नियमांत राहून स्वातंत्र्य मिळवायचे.

आता मूळ कथेकडे वळू. १८२२ च्या नोव्हेंबरात रशियाचा एक तरुण सरदार, प्रिन्स निकोलाय गालित्सिन, याने बीथोव्हेनला पत्र लिहून एक, दोन किंवा तीन क्वार्टेट्स रचून देण्याची विनंती केली. तो स्वतः चेलो वाजवत असे. नववी सिम्फनी हातावेगळी झाल्यावर बीथोव्हेनने हे काम अंगावर घेतले. त्यातले तिसरे क्वार्टेट म्हणजे ओपस १३०. ते १८२५ च्या अखेरीस पुरे झाले. बीथोव्हेन तेव्हा पंचावन्न वर्षांचा होता आणि त्याला ऐकू येणे जवळजवळ बंद झाले होते. मित्रांशी संभाषण चाले ते वह्यांतून. ते लिहीत आणि तो तोंडाने उत्तर देई.

या क्वार्टेटचे चारऐवजी सहा भाग आहेत. पहिला विचारमग्न, दुसरा दोनच मिनिटांचा आणि भरधाव, तिसरा संथ पण मिश्किल, चौथा एक साधे जर्मन नृत्य. पाचव्याचे नाव 'कॅव्हातीना', म्हणजे छोटेसे गाणे. शब्द नसलेले इतके करुण गाणे मी दुसरे ऐकलेले नाही. त्याच्या मध्यावर पहिल्या व्हायोलिनचा सूर अडखळतो, तुटतो, हुंदका आवरणाऱ्या माणसाने बोलण्याचा प्रयत्न करावा तसा. त्या जागी बीथोव्हेनने एक जर्मन शब्द लिहून ठेवला आहे. त्याचा अर्थ 'छाती दाटून आल्याप्रमाणे'. अमेरिकेने १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात ध्वनिमुद्रित तबकड्या पाठवल्या. पृथ्वीवरच्या निवडक संगीतात सगळ्यात शेवटी आहे ती हीच कॅव्हातीना, बुडापेस्ट स्ट्रिंग क्वार्टेटने वाजवलेली. आणि मूळ रचनेत या कॅव्हातीनानंतर येत असे ते महाफ्यूगचे वादळ.

२१ मार्च १८२६ रोजी व्हिएन्नात या क्वार्टेटचे पहिले वादन झाले. पहिले व्हायोलिन इग्नाझ शुपान्झिग यांचे, दुसरे कार्ल होल्झ यांचे, व्हायोला फ्रान्झ वाइस यांचा आणि चेलो योझेफ लिंके यांचा. श्रोत्यांनी दुसरा आणि चौथा भाग पुन्हा वाजवायला लावला. महाफ्यूगला मात्र तशी मागणी आली नाही. बीथोव्हेन सभागृहात नव्हता. तो जवळच्या एका गुत्त्यात निकालाची वाट पाहत बसला होता. होल्झ बातमी घेऊन गेला तेव्हा त्याने फ्यूगबद्दल विचारले आणि श्रोत्यांना गुरेढोरे, गाढवे म्हणून शिव्या घातल्या, अशी आठवण सांगितली जाते. लाइपझिगच्या एका प्रतिष्ठित संगीतपत्राच्या समीक्षकाला तर फ्यूग म्हणजे चिनी भाषाच वाटली. पण त्याच लेखात त्याने असेही म्हटले होते की, आज गढूळ वाटणारे हे संगीत पुढे कदाचित स्वच्छ आणि सुंदर वाटू लागेल. समजले नाही हे मान्य करणारा आणि तरीही दार बंद न करणारा असा समीक्षक मला आदरणीय वाटतो.

इथे प्रकाशकाचा प्रवेश होतो. हे क्वार्टेट छापण्याचे हक्क व्हिएन्नाच्या मातियास आर्तारिया यांनी घेतले होते. त्यांच्यापुढे अडचण व्यवहाराची होती. त्या काळी ध्वनिमुद्रण नव्हते. कृती लोकांपर्यंत पोहोचायची ती छापील कागदावरून, आणि तो कागद विकत घेणारे बहुसंख्य लोक घरी हौसेने वाजवणारे. व्यावसायिक वादकांनाही जड जाणारा फ्यूग शेवटी असला तर हे क्वार्टेट घेणार कोण? त्यांनी दोन उपाय योजले. पहिला उपाय असा की फ्यूगचे पियानोवर दोघांनी मिळून चार हातांनी वाजवण्याजोगे रूपांतर करून घ्यायचे, म्हणजे लोकांना तो घरी बसून चाचपता येईल. हे काम आंतोन हाल्म नावाच्या संगीतकाराकडे दिले. हाल्मने वाजवणाऱ्यांचे हात एकमेकांत अडकू नयेत म्हणून स्वरांच्या ओळी मध्येच तोडून दोघांत वाटल्या. बीथोव्हेनला हे मुळीच पटले नाही. आपल्या ओळींची अशी मोडतोड पाहून त्याने ते सगळे रूपांतर स्वतःच नव्याने केले. तेच पुढे ओपस १३४ झाले.

दुसरा उपाय अधिक धाडसाचा होता. फ्यूग वेगळी कृती म्हणून छापू या आणि क्वार्टेटला दुसरा, सोपा शेवट लिहून द्या. त्याचे मानधन निराळे देऊ, असा प्रस्ताव आर्तारियाने मांडला. बीथोव्हेनपुढे तो ठेवण्याचे अवघड काम होल्झकडे आले. स्वतःच्या संगीतातला एक स्वर बदलायला सांगितले तरी भडकणारा हा माणूस. तो काय म्हणेल? पण तो चक्क 'हो' म्हणाला.

का म्हणाला, यावर अभ्यासकांत आजतागायत मतभेद आहेत. पैशासाठी, असे काही म्हणतात. मित्रांच्या आग्रहापुढे तो नमला, असे काहींचे मत आहे. तर काहींना वाटते की, क्वार्टेटच्या अखेरीस एवढा अवजड फ्यूग तोल बिघडवतो हे त्यालाही मनातून जाणवले असावे. इतके मात्र निश्चित आहे की १८२६ च्या शरद ऋतूत तो ग्नायक्सेनडोर्फ या खेड्यात, भाऊ योहान याच्या मळ्यावर राहायला गेला. त्या उन्हाळ्यातच पुतण्या कार्लने आत्महत्येचा प्रयत्न केला होता आणि बीथोव्हेन आतून कोसळला होता. प्रकृती ढासळत होती. अशा अवस्थेत, नोव्हेंबरमध्ये, त्याने नवा शेवट पुरा केला, आणि तो आहे कसा? प्रसन्न, खेळकर, जवळजवळ खोडकर! पूर्ण केलेला त्याचा हा शेवटचा संगीतभाग. डिसेंबरात तो आजारी होऊन व्हिएन्नाला परतला आणि २६ मार्च १८२७ रोजी वारला.

त्याच वर्षी मे महिन्यात आर्तारियाने तीन गोष्टी प्रसिद्ध केल्या: नव्या शेवटासह क्वार्टेट (ओपस १३०), महाफ्यूग स्वतंत्रपणे (ओपस १३३) आणि पियानोचे रूपांतर (ओपस १३४). क्वार्टेटची अर्पणपत्रिका गालित्सिनच्या नावे होती, तर फ्यूगची आर्चड्यूक रुडॉल्फच्या. म्हणजे एका कृतीच्या दोन कृती झाल्या. क्रमांक वेगळे, मुखपृष्ठे वेगळी, यजमानही वेगळे. आधी एका देहाचे अवयव असलेले हे दोघे आता कायद्याने स्वतंत्र झाले.

या क्रमांकांची गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. ओपस म्हणजे कृतिक्रमांक. १३० नंतर १३१, मग १३३, असे वाचताना आपण सहज धरून चालतो की रचनाही त्याच क्रमाने झाली. प्रत्यक्षात १३३ क्रमांकाचा फ्यूग १३१ च्या आधी तयार होता. आणि १३० मधला नवा शेवट तर १३५ नंतर लिहिलेला आहे! हे आकडे छपाईच्या व्यवहारातून आलेले आहेत. छापील पान आपल्याला जे सांगते त्यात किती गोष्टी कलावंताच्या आणि किती दुकानाच्या, हे पाहिल्याशिवाय कळत नाही.

पुढच्या आवृत्त्यांनी ही विभागणी पक्की केली. लाइपझिगच्या ब्राइटकोफ उंड हेर्टेल या प्रकाशनसंस्थेने १८६२ ते १८६५ या काळात बीथोव्हेनचे समग्र संगीत छापले. त्यात क्वार्टेट नव्या शेवटासह आले आणि फ्यूग सगळ्यांच्या मागे गेला. तीच पाने १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या डोव्हर प्रकाशनाने स्वस्त पुस्तकरूपात पुन्हा छापली. सरांच्या कपाटातले पुस्तक ते हेच. माझा पहिला विजय, म्हणजे 'पुस्तकात माझाच शेवट आहे' हा, वास्तविक आर्तारियाच्या दुकानातल्या एका निर्णयाचा प्रतिध्वनी होता. मी मात्र तो बीथोव्हेनचा पुरावा समजत होतो.

आवृत्त्यांचेही प्रकार असतात हे मला या निमित्ताने कळले. एक वादकांसाठी केलेली. तिच्यात एखादा नामवंत वादक कोणत्या स्वराला कोणते बोट, गज कुठे वर आणि कुठे खाली, हे आपल्या अनुभवाने लिहून देतो. विद्यार्थ्याला ती उपयोगी पडते. पण संपादकाची सूचना कोणती आणि रचनाकाराची खूण कोणती हे त्यात ओळखू येईलच असे नाही. दुसरा प्रकार जर्मनीत 'उर्टेक्स्ट' या नावाने रूढ आहे; मूळ संहिता असा त्याचा अर्थ. म्युनिकच्या हेन्ले या १९४८ मध्ये स्थापन झालेल्या प्रकाशनाने तो विशेष लोकप्रिय केला. हस्तलिखित, पहिली छापील प्रत, रचनाकाराने तपासलेल्या नकला, त्याची पत्रे हे सारे शेजारी ठेवून संपादक पाठ ठरवतो आणि कुठे काय निवडले याचा हिशेब देतो.

हा हिशेब किती महत्त्वाचा आहे याचे एक उदाहरण महाफ्यूगमध्येच आहे. सुरुवातीला पहिले व्हायोलिन एकटेच मुख्य स्वरवाक्य अगदी हळू आवाजात वाजवते. तिथे बीथोव्हेनने एका पूर्ण ठोक्याचा स्वर सरळ लिहिण्याऐवजी अर्ध्या-अर्ध्या ठोक्याचे दोन स्वर लिहून ते वर एका कमानीने जोडले आहेत. गणिताने दोन्ही एकच. एखाद्या नीटनेटक्या संपादकाला वाटेल, हा उगाच द्राविडी प्राणायाम, आपण सरळ करून टाकू. पण वाजवणाऱ्याला ती खूण सांगते की हा स्वर एका सरळ रेषेचा नाही. त्याच्या पोटात एक बारीकसा श्वास, एक अडखळ आहे. तो नेमका कसा वाजवायचा यावर वादकांची मते निराळी आहेत. परंतु ती खूणच पुसली गेली असती तर प्रश्नदेखील उरला नसता. चांगली आवृत्ती आपल्यासाठी उत्तर ठरवून टाकत नाही. ती मूळ प्रश्न शाबूत ठेवते, असे मला यावरून वाटू लागले.

आणखी एक घटना सांगितल्याशिवाय ही कथा पुरी होणार नाही. पियानो रूपांतराचे बीथोव्हेनच्या हातचे हस्तलिखित १८९० मध्ये बर्लिनच्या एका लिलावात विकले गेले आणि मग जगाच्या नजरेआड झाले. ११५ वर्षे त्याचा पत्ता नव्हता. २००५ च्या जुलै महिन्यात अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळच्या पामर धर्मशास्त्र विद्यालयात एका ग्रंथपालबाई कपाट आवरत असताना खालच्या फळीवर त्यांना ते सापडले: ८० पाने, तपकिरी आणि काळ्या शाईने लिहिलेली, मध्ये तांबड्या खडूच्या खुणा. त्याच वर्षी १ डिसेंबरला लंडनमध्ये सोदबीच्या लिलावात ते ११ लाख २८ हजार पौंडांना गेले, आणि घेणाऱ्याने २००६ मध्ये ते न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या संगीतशिक्षण संस्थेला देऊन टाकले. मला लिलावाच्या किमतीपेक्षा एक गोष्ट अधिक भिडली. काही ठिकाणी बीथोव्हेनने इतक्या जोराने खोडले आहे की कागदाला भोके पडली आहेत. हाल्मचे रूपांतर नाकारून, केवळ 'घरी वाजवायची प्रत' म्हणून मागितलेल्या या कामावर तो मृत्यूच्या वर्षभर आधी इतका झगडत होता! जो माणूस रूपांतरातल्या एका ओळीसाठी कागद फाडेपर्यंत खोडतो, त्याने संपूर्ण नवा शेवट निव्वळ पैशासाठी टाकून दिला असेल, हे मला आता सहज पटत नाही.

आपल्याकडे पाठचिकित्सेची थोर परंपरा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पुरे झाले. विष्णु सीताराम सुकथनकरांसारख्या विद्वानाने त्यासाठी आयुष्य वेचले. तिथे अडचण अशी की मूळ प्रत कोणाकडेच नाही, आणि शेकडो पोथ्यांवरून सर्वांत प्राचीन पाठाकडे पोहोचायचे. बीथोव्हेनच्या बाबतीत उलट आहे. रचनाकार ठाऊक, हस्ताक्षर ठाऊक, तारखा ठाऊक, आणि तरीही शेवट दोन! पुरावा कमी आहे म्हणून पडलेला हा पेच नव्हे. पुरावा पुरेसा आहे. कलावंताचे मनच एका ठिकाणी थांबलेले नाही.

आपल्या संगीताला हा पेच कदाचित पडलाच नसता. भातखंड्यांनी क्रमिक पुस्तकांत बंदिशी स्वरलिपीसह छापल्या, तरी तीच बंदिश दोन घराण्यांचे गायक दोन तऱ्हांनी गातात, आणि आपण दोघांनाही दाद देतो. बंदिशीचा शेवट मैफलीत होतो, छापखान्यात नाही. युरोपीय संगीतात मात्र लिहिलेला कागद हाच आधार, आणि म्हणून कागद कोणी, कधी, कोणाच्या सांगण्यावरून छापला याला एवढे महत्त्व.

विसाव्या शतकात वारे फिरले. स्ट्राविन्स्कीसारख्या आधुनिक संगीतकाराने महाफ्यूगला कायमच समकालीन राहणारी कृती म्हटले. लाइपझिगच्या त्या समीक्षकाचे 'कदाचित' खरे ठरले. अनेक वादकसंघ आज फ्यूग त्याच्या मूळ जागी वाजवतात. काही जण छापील पाठाला धरून नवा शेवट वाजवतात. आणि काही ध्वनिमुद्रणांत दोन्ही देऊन निवड ऐकणाऱ्यावर सोपवलेली असते.

आता थोडे स्वतःविषयी. या प्रश्नात मी इतका का गुंतलो याला एक खासगी कारण आहे. मागे एका नियतकालिकाकडे मी एक कथा पाठवली होती. संपादकांनी कळवले, कथा घेतो, पण शेवट बदला; वाचकाला झेपणार नाही. मी बदलला. कथा छापून आली, चार लोकांनी कौतुकही केले. पण तेव्हापासून भेटेल त्याला मी सांगत आलो की माझा खरा शेवट निराळाच होता, तो यांनी मारला. महाफ्यूगची हकीकत प्रथम वाचली तेव्हा मला अर्थातच बीथोव्हेनमध्ये स्वतःचे रूप दिसले. (तुलना किती हास्यास्पद आहे हे मला कळते. पण वयाच्या विसाव्या वर्षी माणूस अशा तुलना करतोच.) प्रकाशक खलनायक आणि फ्यूग हुतात्मा, असा निकाल देऊन मी मोकळा झालो होतो.

तो निकाल घेऊन मी सरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "कॅव्हातीना कुठल्या स्वरावर संपते?"

मी व्हायोलिन काढून शेवटचा स्वर वाजवला. कॅव्हातीनाचा आधारस्वर षड्ज मानला तर पहिले व्हायोलिन गांधारावर विसावते.

"आणि फ्यूग कुठून सुरू होतो?"

"त्याच स्वरापासून. चौघेही तोच स्वर मोठ्याने उचलतात."

"आणि नवा शेवट?"

मी पान उघडले. सुरुवातीला व्हायोला एकटाच हळूच ठेका धरतो. स्वर तोच, गांधार! म्हणजे एक वर्षानंतर, आजारपणात, परक्या घरी बसून नवा शेवट लिहिताना त्या माणसाने जुने दार पुन्हा उघडून पाहिले होते. त्याच उंबरठ्यावरून तो दुसऱ्या दिशेने बाहेर पडला. घाईघाईने जोडलेले ठिगळ असे नसते.

"तू म्हणतोस एक खरा आणि एक लादलेला," सर म्हणाले. "अरे, मागणी दुसऱ्याची असेल. अक्षर कोणाचे आहे?"

त्या दिवशी घरी येऊन मी माझ्या कथेचे दोन्ही शेवट शेजारी ठेवून वाचले. जुना शेवट मला अजूनही अधिक आवडतो. ते मी लपवत नाही. परंतु दुसऱ्या शेवटात एक वाक्य असे सापडले की जे मला पहिल्यात सुचलेच नव्हते. ते कोणा संपादकाने लिहिले नव्हते. ते माझेच होते.

महाविद्यालयाच्या संगीत मंडळात आम्ही एका दुपारी हे क्वार्टेट दोन्ही शेवटांसह ऐकले. फ्यूग चालू असताना दोघे उठून गेले, एकाने डोळे मिटून घेतले, आणि एक मैत्रीण नंतर म्हणाली, "कॅव्हातीनानंतर मला हे सोसवत नाही, पण ते हलके संगीतसुद्धा सोसवत नाही." मला वाटते, या वादातले सगळ्यांत प्रामाणिक मत तेच असावे.

सरांना मी अखेर काय सांगितले ते लिहून थांबतो. मी म्हणालो, मला दोन्ही शेवट हवे आहेत, आणि ज्या आवृत्तीत दोन्ही आहेत व कोणता केव्हा, कोणाच्या सांगण्यावरून लिहिला हे दिले आहे, तिला मी चांगली आवृत्ती म्हणेन. यावर ते काही बोलले नाहीत. त्यांनी ओपस १३० ची तबकडी पाकिटातून काढली, सुई ठेवली, आणि कॅव्हातीना संपल्याबरोबर ती अलगद उचलून माझ्याकडे पाहिले. खोलीत तो गांधार काही क्षण तसाच राहिला होता.